जुन्या गाडीची बॅटरी उभ्या-उभ्या उतरते तेव्हा

रात्री नीट बंद करून ठेवलेल्या गाडीची किल्ली सकाळी फिरवली की बॉनेटखालून नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, फिरत नाही. डॅशबोर्डवरचे दिवे लागलेले असतात, परंतु सेल्फ मारताच ते मंदावतात किंवा विझतात. धक्का मारून अथवा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर लावून प्रयत्न केला, तर इंजिन लगेच चालू होते. त्यानंतर दिवसभर गाडी तक्रार करत नाही, पाच-सहा वेळा बंद-चालू केली तरी सेल्फ जोमाने फिरतो, आणि एक-दोन रात्री गेल्या की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुष्कळदा या टप्प्यावर बॅटरी बदलली जाते, महिना-दोन महिने सारे सुरळीत चालते आणि मग नवी बॅटरीही जुनीसारखीच वागू लागते.

याच्या जोडीला आणखी काही खुणा आढळतात. किल्ली काढलेली असतानाही बॅटरीची वायर टर्मिनलवर बसवताना ठळक ठिणगी उडते. सकाळी गाडीला हात न लावता बॉनेट उघडले, तर एखादा रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) किंवा इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या ऑल्टरनेटरचे अंग किंचित कोमट लागते. पावसाळ्यात त्रास वाढतो आणि दिवाळीनंतर कमी होतो. मात्र सकाळी थंड इंजिनावर सेल्फ उत्तम फिरत असेल आणि लांबच्या प्रवासानंतर गरम इंजिनावरच तो जड होत असेल, तर तो दोष वेगळा आहे. त्यासाठी सेल्फ मोटर आणि तिच्या जाड वायरी तपासाव्यात, त्यावर पुढील तपासण्यांचा फारसा उपयोग होणार नाही.

माझी स्वतःची गाडी १९९८ सालची, कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे आणि ती रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत उघड्यावर उभी असते. तिच्यात हा दोष तीन वेळा, तीन निरनिराळ्या कारणांनी आला. नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांत, त्यांत एक प्रीमियर पद्मिनी आणि एक जीपही होती, मी तो आणखी आठ-दहा वेळा शोधला आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की कारखान्यातून आलेली मूळ वायरिंग क्वचितच दगा देते. नंतर कोणीतरी जोडलेल्या गोष्टींकडे संशयाची सुई आधी वळवावी. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून क्रमाने जावे.

आधी थोडे गणित

बॅटरी उतरण्याची कारणे तीनच असू शकतात: बॅटरीच करंट धरून ठेवत नाही, किंवा गाडी चालताना ती पुरेशी भरली जात नाही, किंवा गाडी उभी असताना काहीतरी तिच्यातून करंट खाते. या तिन्हींपैकी कोणते खरे, हे ठरवण्यापूर्वी काहीही विकत घेऊ नये.

गाडी किती वेळात मरते, यावरून बरेच कळते. ८०० ला साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी लागते. म्हणजे कागदावर ती १ अँपिअर करंट ३५ तास देईल. परंतु सेल्फला शंभर अँपिअरहून अधिक करंट लागत असल्यामुळे बॅटरी दोन-तृतीयांश रिकामी झाली, की सेल्फ हात टेकतो. आता आतल्या छतावरचा १० वॅटचा दिवा घ्या. तो सुमारे ०.८ अँपिअर घेतो, म्हणजे दहा तासांच्या रात्रीत आठ अँपिअर-तास. चांगली बॅटरी एवढे सहन करून सकाळी गाडी चालू करून देते. मोडकळीस आलेली बॅटरी मात्र कोसळते. चारही पार्किंग लाइट, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरचे दिवे मिळून दोन अँपिअरच्या वर जातात, तेव्हा ते रात्रभर राहिले तर चांगली बॅटरीही सकाळी उरत नाही.

यावरून ढोबळ अंदाज बांधता येतो. बॅटरी नवी असूनही एका रात्रीत गाडी मरत असेल, तर गळती दोन अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून मोठी आहे, आणि एवढी मोठी गळती बहुधा डोळ्यांना दिसते किंवा हाताला गरम लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरत असेल, तर दोनशे-तीनशे मिलिअँपिअरचा चोर शोधायचा आहे. तो दिसत नाही, मोजावा लागतो. महिनाभर उभी राहिल्यानंतरच मरत असेल, तर बहुधा दोष नाहीच. घड्याळ आणि रेडिओची स्मृती यांनी घेतलेले ३० मिलिअँपिअर महिन्यात एकवीस-बावीस अँपिअर-तास संपवतात. अशा गाडीची ऋण बाजूची वायर काढून ठेवणे एवढाच उपाय आहे.

या कामासाठी दहा नंबरचा पाना, साधा डिजिटल मल्टिमीटर, धारकात बसवलेला आणि दोन्ही टोकांना क्लिप लावलेला १२ व्होल्ट ५ वॅटचा दिवा आणि पॉलिश पेपर एवढे साहित्य पुरते. मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. फक्त त्यावर १० अँपिअर डीसी मोजण्याची सोय आहे ना, ते पाहून घ्यावे. हातातली अंगठी आणि धातूचे कडे काढून ठेवावे, कारण पाना किंवा कडे बॅटरीच्या धन टर्मिनल आणि बॉडीच्या मध्ये सापडले तर क्षणात तापून लाल होते. याच कारणासाठी वायर काढताना नेहमी ऋण बाजू आधी काढावी आणि बसवताना ती शेवटी बसवावी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा तिच्याजवळ विडी-सिगारेट आणि ठिणगी दोन्ही नकोत.

पहिली तपासणी: अंधारात गाडीभोवती एक फेरी

ही फुकट आहे आणि म्हणूनच लोक ती टाळतात. रात्री गाडी नेहमीसारखी बंद करावी, दारे लावावीत, अंगणातला दिवा मालवावा आणि गाडीभोवती सावकाश फिरावे. छतावरचा दिवा विझला आहे का, हे काचेतून पाहावे. दाराच्या चौकटीतला बटणासारखा स्विच गंजला किंवा त्याचे रबर कडक झाले, की दार लावले तरी तो पूर्ण दाबला जात नाही. ज्या गाडीत डिकीचा किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यातला दिवा आहे, तिथे मोबाइलचे चित्रीकरण चालू करून तो आत ठेवावा आणि झाकण लावावे. झाकण लागल्यावर दिवा विझतो की नाही, ते चित्रीकरणात दिसते.

ब्रेकचे दिवे विशेष लक्ष देऊन पाहावेत. ब्रेक पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो आणि पेडल वर आले की एक लहानसे बूच त्या स्विचची दांडी दाबून दिवे बंद करते. वीस-पंचवीस वर्षांत ते बूच ठिसूळ होऊन तुटते, दांडी मोकळी होते आणि दोन्ही दिवे किल्ली काढल्यावरही जळत राहतात. २१ वॅटचे दोन दिवे म्हणजे साडेतीन अँपिअर. कोणतीही छोटी बॅटरी एका रात्रीत यापुढे टिकत नाही. एका नातेवाइकांच्या गाडीत नेमके हेच झाले होते. गाडीची मागची बाजू गडग्याकडे, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीकडे, असायची, रात्रभर गडगा तांबडा दिसत असणार, पण अंगणाच्या त्या कोपऱ्यात रात्री कोणी जात नसे. त्यांनी तोवर एक बॅटरी बदलली होती. पेडलखालच्या रबरी चटईवर पडलेले बुचाचे तुकडे दिसले आणि पाच मिनिटांत काम झाले.

दुसरी तपासणी: टर्मिनल आणि बॅटरीचे डोके

टर्मिनलवर साठलेली पांढरी-निळी भुकटी करंटची वाट अडवते. बॅटरी भरलेली असते, पण तिच्यातला करंट सेल्फपर्यंत पोहोचत नाही आणि ऑल्टरनेटरचा करंटही तिच्यात पुरता शिरत नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने ती धुऊन काढावी. सेलची झाकणे घट्ट असल्याची आधी खात्री करावी, कारण सोडा आत गेला तर ॲसिड निकामी होते. नंतर टर्मिनल पॉलिश पेपरने चकचकीत करावे, क्लॅम्प हाताने हलणार नाही इतका घट्ट बसवावा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. व्हॅसलीन आधी आणि क्लॅम्प नंतर, असे करू नये.

बॅटरीच्या डोक्यावरचा ओलसर, धुळकट थरही करंट वाहून नेतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून काळी पिन ऋण टर्मिनलवर आणि लाल पिन नुसती प्लास्टिकच्या डोक्यावर टेकवावी. तिथे एखाद-दोन व्होल्ट दिसले, तर तो मळ धन-ऋण टर्मिनलांमधला पूल झालेला आहे. कोकणातल्या पावसाळ्यात हे मी वारंवार पाहिले आहे. ही गळती लहान असते, पण दमट हवेत आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीला ती पुरते. झाकणांची बॅटरी असेल, तर याच वेळी पाण्याची पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे.

तिसरी तपासणी: एक रात्र वायर काढून

माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची तपासणी हीच आहे, आणि हिला एक पाना आणि एक रात्र एवढेच लागते. गाडी अर्धा-पाऊण तास चालवून आणावी, बंद करावी, हेडलाइट दोन मिनिटे लावून विझवावेत म्हणजे बॅटरीच्या पृष्ठभागावरचा फसवा चार्ज उतरतो, आणि पंधरा-वीस मिनिटांनी बॅटरीचे व्होल्ट मोजून लिहून ठेवावेत. मग ऋण वायर काढून बाजूला फडक्यात गुंडाळावी. सकाळी वायर जोडण्यापूर्वी पुन्हा मोजावे.

पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. सायंकाळी १२.६ आणि सकाळी १२.५ किंवा १२.६ दिसले, तर बॅटरी करंट धरते आहे; मग चोर गाडीत आहे. वायर काढलेली असूनही सकाळी आकडा १२.२ किंवा त्याखाली गेला, तर बॅटरीच आतून उतरते आहे, आणि हिला कितीही चार्ज केले तरी उपयोग नाही. तिसरी शक्यता म्हणजे सायंकाळीच आकडा १२.३ च्या वर जात नाही. मग गाडी ती भरत नाही, आणि पुढची तपासणी अधिक महत्त्वाची ठरते. आकडा चांगला दिसूनही शंका राहिली, तर सकाळी वायर जोडून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे आणि त्याच क्षणी टर्मिनलवरचे व्होल्ट पाहावेत. सेल्फ फिरताना ते साडेनऊच्या खाली कोसळत असतील, तर बॅटरी वरवर भरलेली, पण आतून पोकळ झालेली आहे.

दुकानातून नवी बॅटरी आणण्याआधी हे एवढे केले असते, तर माझ्या पहिल्या वेळचा खर्च वाचला असता. तेव्हा मी आधी बॅटरी घेतली आणि मग मीटर.

चौथी तपासणी: बॅटरी भरते का

किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू करण्यापूर्वी, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा तांबडा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू होताच विझला पाहिजे. तो मुळातच लागत नसेल, तर बल्ब गेलेला असू शकतो, आणि हा क्षुल्लक बल्ब पुष्कळ जुन्या गाड्यांत नुसता सूचक नसतो. ऑल्टरनेटर जागा होण्यासाठी लागणारा पहिला करंट त्याच्यातूनच जातो. बल्ब गेला, की ऑल्टरनेटर कमी वेगावर चार्जच करत नाही आणि मालक मात्र दिवा दिसत नाही म्हणून निश्चिंत राहतो.

इंजिन मध्यम वेगावर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजले, तर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. मग हेडलाइट आणि ब्लोअर दोन्ही लावावेत. आकडा थोडा उतरेल, पण १३ च्या खाली जाऊ नये. जात असेल तर आधी पट्टा पाहावा. इंजिन बंद करून दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सेंटिमीटरभर दबावा. त्याहून सैल असेल, चकाकत असेल किंवा सकाळी चीं-चीं करत असेल, तर तो घसरतो आहे. पट्टा ठीक असूनही व्होल्ट १२.५ च्या आसपासच राहत असतील, तर ऑल्टरनेटरचे कार्बन, डायोड किंवा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर संशयित होतात आणि ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनच्या बाकावरचे आहे. आकडा १५ च्या वर जात असेल, तरी तेथेच थांबावे. रेग्युलेटर बिघडलेला आहे आणि तो बॅटरीचे पाणी आटवून दिवे उडवत राहील.

येथे एक सक्त सूचना द्यायची आहे. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘इंजिन चालू राहिले म्हणजे डायनमो चांगला’ असे सांगणारे मिस्त्री अजूनही भेटतात. ही युक्ती ऑल्टरनेटरच्या आधी वापरात असलेल्या डायनमोच्या काळातली आहे. ऑल्टरनेटरच्या गाडीत वायर काढताक्षणी व्होल्टेज उसळते आणि धडधाकट डायोड जळतात; एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल सोडणाऱ्या, गाडीत तर त्या संगणकावरही बेतू शकते. कोणीही आग्रह केला तरी हे करू देऊ नये.

पाचवी तपासणी: अर्थिंग

गळतीशी अर्थिंगचा थेट संबंध नाही, पण लक्षणे इतकी सारखी असतात की ते वगळून पुढे गेल्यास माणूस आठवडाभर भलत्याच वाटेला लागतो. बॅटरीच्या ऋण टर्मिनलपासून बॉडीला आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सला गेलेल्या जाड वायरी, अथवा विणलेल्या पट्ट्या, बोल्टखाली गंजतात. सेल्फ मारताना एका पिनने ऋण टर्मिनलचा शिसाचा खुंट आणि दुसऱ्या पिनने इंजिनाचा रंग नसलेला धातू धरून व्होल्ट मोजावेत. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला, तर अर्थिंगमध्ये अडथळा आहे. मीटर नसेल तर जंपरची एक वायर ऋण टर्मिनलपासून थेट इंजिनाच्या धातूवर लावून सेल्फ मारावा. तो एकदम जोमाने फिरू लागला, तर निदान झालेच. बोल्ट काढून थिंबल (वायरीच्या टोकाचे धातूचे कडे) आणि खालची जागा धातू दिसेपर्यंत घासावी व पुन्हा आवळून वरून ग्रीस लावावे. ज्या गाडीत सेल्फ मारताना चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम होते, तिथे इंजिनाचा अर्थ जवळपास तुटलेला आहे आणि करंट त्या केबलमधून परतीची वाट काढतो आहे. ती गाडी त्याच दिवशी दुरुस्त करावी.

सहावी तपासणी: दिवा, मग मीटर

आता खरा चोर पकडायचा. किल्ली काढावी, रेडिओ बंद करावा, दारे लावावीत. एखादे दार उघडे ठेवावे लागणार असेल, तर त्याचा स्विच टेपने दाबून ठेवावा. बॉनेटखाली दिवा असेल, तर त्याचा बल्ब काढावा. ऋण वायर काढून तो ५ वॅटचा दिवा एका क्लिपने ऋण टर्मिनलला आणि दुसऱ्या क्लिपने काढलेल्या वायरीला जोडावा. गाडीत जाणारा सगळा करंट आता या दिव्यातून जातो. दिवा लख्ख लागला, तर गळती मोठी आहे. मंद लागला, तर मध्यम. दिवा लागलाच नाही, तर गळती लहान आहे किंवा नाहीच. त्यानंतरच मीटर लावावा. दिवा आधी लावण्याचे कारण असे की अंदाज नसताना थेट मीटर लावला आणि गाडीत शॉर्ट असला, तर मीटरचा फ्यूज पहिल्याच क्षणी उडतो. दिव्याला काहीही होत नाही.

मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून चकती डीसी अँपिअरवर आणावी, आणि दिव्याच्या जागी मीटर त्याच दोन टोकांमध्ये लावावा. मीटर लावलेला असताना किल्ली फिरवू नये, हेडलाइट लावू नये, सेल्फ तर मुळीच मारू नये. पहिल्या मिनिटात आकडा थोडा जास्त दिसतो, म्हणून दोन-तीन मिनिटे थांबावे. मोजून झाल्यावर लाल पिन आठवणीने व्होल्टच्या भोकात परत न्यावी. ती तशीच विसरून पुढच्या वेळी बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलो, तर मीटरमधूनच बॅटरी शॉर्ट होते. ही चूक मी एकदा केली आहे आणि मीटरची जळकी पिन अजून खोक्यात आहे.

घड्याळ आणि रेडिओ असलेल्या जुन्या गाडीत वीस-तीस मिलिअँपिअर चालतात. पन्नासच्या वर आकडा असेल, तर शोध सुरू ठेवावा.

सातवी तपासणी: एकेक फ्यूज

मीटर किंवा दिवा तसाच ठेवून, डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज काढावा, आकडा पाहावा आणि तोच फ्यूज त्याच जागी परत बसवावा. ज्या फ्यूजला आकडा एकदम पडतो, त्या वाटेवर चोर आहे. त्या फ्यूजवर काय-काय चालते ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्यांतली एकेक वस्तू कपलरमधून (वायरी जोडणाऱ्या प्लगमधून) सोडवत गेले, की नाव निश्चित होते. फ्यूज बॉक्स ओलसर किंवा हिरवट दिसला, तर समोरच्या काचेच्या रबरातून पावसाचे पाणी आत येत असण्याची शक्यता मोठी. नुसता बॉक्स पुसून चालत नाही, काचेच्या कडेवर पाणी ओतून आत थेंब कोठे उतरतो ते पाहावे. चावलेले इन्सुलेशन दिसले, तर उंदीर. पावसाळ्यात बॉनेटखालची ऊब त्यांना फार आवडते.

पण माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक वेळा सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नाही. तेव्हा लोक हताश होतात. खरे तर ही चांगली बातमी आहे, कारण फ्यूज बॉक्सला वळसा घालून जाणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात.

पहिली म्हणजे बॅटरीच्या धन टर्मिनलवरून थेट घेतलेल्या वायरी: नंतर बसवलेले फॉग लाइट, दुहेरी हॉर्न, सेंट्रल लॉकिंग, चोरीचा अलार्म आणि सर्वांत आधी म्युझिक सिस्टिम. टेपच्या मागे साधारणपणे एक पिवळी आणि एक तांबडी वायर असते. पिवळीला स्मृतीसाठी कायम करंट लागतो, तांबडीला किल्ली फिरवल्यावरच मिळायला हवा. बसवणाऱ्याने घाईत दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला जोडल्या, तर टेपचा पडदा विझतो, पण आतले सर्किट जागेच राहते. माझ्या ८०० मध्ये या एका कारणाने २८० मिलिअँपिअर जात होते, म्हणजे रोज पावणेसात अँपिअर-तास. बॅटरी तिसऱ्या दिवशी का मरत होती, त्याचा हिशेब तिथेच लागला. तांबडी वायर सोडवून किल्लीवर चालणाऱ्या वाटेला जोडली आणि आकडा २२ वर आला. हॉर्नच्या किंवा फॉग लाइटच्या रिलेचे संपर्क चिकटलेले असतील, तर रिले हाताला कोमट लागतो. तो उपसून काढल्यावर आकडा पडला, की नवा रिले बसवावा.

दुसरी गोष्ट ऑल्टरनेटर. त्याच्या आतले डायोड करंटला बॅटरीकडे जाऊ देतात आणि परत येऊ देत नाहीत. एखादा डायोड गळका झाला, की रात्रभर करंट उलटा वाहतो आणि दिवसा चार्जिंग जवळपास ठीक दिसते, म्हणून हा दोष फसवा आहे. बॅटरीची ऋण वायर पूर्ण सुटी करून ऑल्टरनेटरच्या मागची जाड वायर नटासह काढावी, तिचे टोक टेपने पूर्ण झाकावे, आणि मग मीटर पुन्हा जोडावा. आकडा पडला तर डायोड गळके आहेत. ज्या जुन्या पद्मिनीत किंवा जीपमध्ये अजून डायनमो आहे, तिथे हेच काम कट-आउट नावाचा रिले करतो, आणि त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरी डायनमोत रिकामी होते. तिसरी गोष्ट किल्लीचा स्विच: त्याचा मागचा कपलर सोडवल्यावर आकडा पडला, तर आतले संपर्क झिजून किल्ली काढल्यावरही वाट उघडी राहते आहे.

कोठे थांबावे

फ्यूज पुन्हा-पुन्हा उडत असेल, तर दोन वेळांनंतर तिसरा लावू नये. त्याच्या जागी मोठा फ्यूज, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद लावणे म्हणजे फ्यूजऐवजी वायरिंगला जळायला सांगणे आहे; पट्टीच्या फ्यूजमध्ये तांबडा १०, निळा १५ आणि पिवळा २० अँपिअरचा असतो, आणि ज्या जागी जो होता तोच तिथे राहिला पाहिजे. एखादी वायर हाताला गरम लागली, जळका वास आला किंवा डॅशबोर्डमागच्या वायरींचा जुडगा एकमेकांना वितळून चिकटलेला दिसला, तर त्याच क्षणी ऋण वायर काढावी, ती पुन्हा जोडू नये आणि गाडी ओढून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी. सीएनजी किंवा एलपीजीचे किट बसवलेल्या गाडीत किटच्या वायरी, सोलेनॉइड आणि स्विच यांना हात लावू नये. तिथली एक ठिणगी महाग पडते, आणि ते काम किट बसवण्याचा परवाना असलेल्यानेच करावे. इंजिनाच्या संगणकाच्या वाटेवर गळती सापडली, तरी तेथेच थांबावे. ऑल्टरनेटर आणि सेल्फ उघडण्याच्या भानगडीत मी स्वतः कधी पडलो नाही. डायोड प्लेट बदलायला डाग देण्याची (सोल्डरिंगची) सवय आणि मापून पाहण्याची साधने लागतात.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना लिहिलेले आकडे सोबत न्यावेत: सायंकाळचे आणि सकाळचे व्होल्ट, इंजिन चालू असतानाचे व्होल्ट, गळतीचा आकडा आणि कोणती वायर काढल्यावर तो किती पडला. ‘बॅटरी डाऊन होते’ एवढेच सांगितले, तर पहिला सल्ला बॅटरी बदलण्याचा मिळतो. ‘३५० मिलिअँपिअर जातात आणि ऑल्टरनेटरची जाड वायर काढल्यावर ३० राहतात’ असे सांगितले, तर तो थेट ऑल्टरनेटर उतरवतो आणि तुमच्याकडून शोधण्याची मजुरी घेत नाही.

दोष निघाल्यावर उतरलेली बॅटरी गाडीवरच भरण्याची आशा धरू नये. गावात पाच-दहा किलोमीटर फिरून ती भरत नाही आणि ऑल्टरनेटरवर विनाकारण ताण येतो. बॅटरी काढून चार्जरवर साडेतीन अँपिअरच्या आसपास दहा-बारा तास, हवा खेळती असलेल्या जागी ठेवावी. मग बसवून, गळती पुन्हा एकदा मोजून, तीन रात्री गाडी उभी ठेवावी आणि चौथ्या सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी व्होल्ट पाहावेत. १२.५ किंवा अधिक दिसले, तर जंपरच्या वायरी डिकीतून काढायला हरकत नाही, १२.३ दिसले, तर दुसरा चोर अजून गाडीत आहे आणि फ्यूज बॉक्सपासून पुन्हा सुरुवात करावी.